आराखड्याचा मालक कोण?

चंडीगडला येणारा पाहुणा सेक्टर 39 मध्ये सहसा फिरकत नाही. ल कॉर्बुझिएचे सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा आणि ‘उघडा हात’ ही सारी प्रेक्षणीय स्थळे शहराच्या उत्तर टोकाला, सेक्टर 1 मध्ये. सेक्टर 39 पश्चिमेकडचा, दुसऱ्या टप्प्यात वसलेला. येथे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे, पंजाबच्या काही मंत्र्यांचे बंगले आहेत, सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाकोरीबद्ध वसाहती आहेत आणि शहराचे मुख्य जलकेंद्र आहे. मोरिंड्याजवळच्या काजौली येथे भाक्रा मुख्य कालव्यातून उचललेले पाणी अजस्र नलिकांतून या जलकेंद्रात येते आणि शुद्ध होऊन शहरभर जाते. काजौलीच्या या पाण्यात मोहाली, पंचकुला आणि चंडीमंदिरची लष्करी छावणी यांचाही वाटा ठरलेला आहे. काजौली पंजाबात, कालव्यावर ताबा भाक्रा-ब्यास व्यवस्थापनाचा आणि नळ मात्र केंद्रशासित प्रदेशातला! देशातील सर्वांत नियोजनबद्ध म्हणून गौरवल्या गेलेल्या शहराची तहान शहराच्या हद्दीत भागत नाही, हे वास्तव कॅपिटॉल संकुलात कळत नाही; ते येथे कळते.

प्रतिनियुक्तीवर उत्तरेत आलेला मराठी अधिकारी चंडीगडचे रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडी पाहून हमखास उद्गारतो, ‘आपल्याकडे असे का झाले नाही?’ प्रश्न स्वाभाविक असला तरी त्यात एक विस्मरण दडलेले आहे. आपल्याकडे असे झाले होते. ठाण्याच्या खाडीपलीकडे सुमारे 344 चौरस किलोमीटरवर, चंडीगडच्या तिप्पट क्षेत्रावर, एक अख्खे शहर कागदावर आखून मग जमिनीवर उतरवण्याचा प्रयोग महाराष्ट्राने 1970 पासून केला. नवी मुंबईचे आजचे वैभव आणि आजच्या अडचणी, दोहोंची मुळे त्या प्रयोगात आहेत. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तेथून विमाने उडू लागली. त्यापलीकडे उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 124 गावांवर आणखी एका नव्या नगराची अधिसूचना निघाली आहे. अशा वेळी चंडीगड आणि नवी मुंबई ही दोन शहरे शेजारी ठेवून पाहिली, तर आराखडा कसा असावा यापेक्षा अवघड असा दुसराच प्रश्न समोर येतो. आराखडा बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा, आणि तो बदलल्याने ज्याचा फायदा होतो त्याच्याकडेच तो असावा काय?

राजधानीचे वजन

चंडीगडचा जन्म फाळणीतून झाला. लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी हवी होती. अल्बर्ट मेयरचा पहिला आराखडा, मॅथ्यू नोविकीचा 1950 मधील विमान अपघाती मृत्यू आणि 1951 मध्ये ल कॉर्बुझिएचे आगमन हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यात राजकीयदृष्ट्या निर्णायक होते ते सरकार स्वतः तेथे राहायला गेले हे. मंत्री, सचिव, न्यायमूर्ती आणि कारकून नव्या शहरात आले, म्हणून त्यांच्यामागे शाळा, दुकाने आणि दवाखाने आले. पुढे 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, हरियाणा वेगळा झाला आणि चंडीगड दोन राज्यांची राजधानी असलेला केंद्रशासित प्रदेश बनले. आजही त्याच्या भवितव्याचा उल्लेख झाला की पंजाबचे राजकारण तापते. नोव्हेंबर 2025 मध्ये चंडीगडला घटनेच्या अनुच्छेद 240 च्या कक्षेत आणणारे विधेयक संसदेच्या कामकाज-सूचीत दिसताच पंजाबात सर्वपक्षीय गदारोळ उडाला आणि केंद्रीय गृहमंत्रालयाला हिवाळी अधिवेशनात असे विधेयक आणण्याचा इरादा नसल्याचे जाहीर करावे लागले.

मुंबईच्या बाबतीत विचार चंडीगडपेक्षा फारसा मागे नव्हता. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने 1959 मध्येच खाडीवर पूल आणि पलीकडे नगर असावे, असे सुचवले होते. 1965 मध्ये चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून जोड-शहराची कल्पना मांडली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने विकेंद्रित प्रादेशिक विकासाचा पुरस्कार केला. मार्च 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, ज. ब. डिसोझा हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. कोरिआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मुख्य कल्पना अशी होती की, राज्य सरकारने आपले बिऱ्हाड खाडीपलीकडे हलवावे. मंत्रालय गेले की कार्यालये जातील, कार्यालये गेली की माणसे जातील आणि दक्षिण मुंबईच्या चिंचोळ्या टोकाकडे रोज सकाळी धावणारा लोंढा उलट दिशेने वळेल.

मंत्रालय गेले नाही. वसंतराव नाईकांचे सरकार एकीकडे नव्या नगराला मान्यता देत होते, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटवर समुद्र हटवून बॅकबेचे भूखंड कार्यालयांसाठी दिले जात होते. 1981 मध्ये नवे विधान भवन उभे राहिले तेही नरिमन पॉइंटलाच. बेलापूरला कोकण भवन आले, सिडकोचे मुख्यालय आले. सत्तेचे केंद्र जागचे हलले नाही. राजधानीचे वजन टाकायला कोणी तयार नसताना नव्या शहराने आपल्या पायावर उभे राहावे अशी अपेक्षा बाळगली गेली. ठाणे खाडीवरचा रस्तापूल 1970 च्या दशकात झाला, पण मानखुर्द-वाशी लोकल धावायला 1992 उजाडले.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्राने धडाडीने केली आणि तिचे श्रेय आज फारसे कोणी देत नाही. 1980 आणि 1990 च्या दशकांत मुंबईचे घाऊक बाजार खाडीपलीकडे नेले गेले. कांदा-बटाटा, मशीद बंदरचे धान्य आणि मसाले, फळे, भाजीपाला, कळंबोलीला लोखंड-पोलाद. व्यापाऱ्यांचा विरोध कडवा होता, मोर्चे झाले, दावे झाले, तरी बाजार हलले. त्यांच्यासोबत माथाडी कामगार आला आणि त्याच्यासाठी कोपरखैरणे-घणसोली परिसरात घरे झाली. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या हमालाच्या कुटुंबाला मुंबईच्या चाळीतून नियोजित शहरात आणणारे हे स्थलांतर, नवी मुंबईच्या मराठीपणाचा एक मोठा आधार ठरले. आता सेक्टर 39 कडे पाहावे. चंडीगडचा घाऊक धान्य आणि फळबाजार सेक्टर 26 मध्ये आहे, तेथे कोंडी होते, म्हणून तो सेक्टर 39 मध्ये राखलेल्या जागेवर हलवायचा हा बेत कित्येक दशकांचा. फायली चालल्या, जागा राखली गेली, प्रशासक आले आणि गेले. आडत्यांचे बस्तान काही सहजी हलले नाही. ज्या शहरात रस्त्याची रुंदीसुद्धा तत्त्वज्ञानाने ठरते, तेथे एक बाजार हलत नाही. आणि ज्या मुंबईला नियोजनशून्य म्हणून हिणवले जाते तिने अख्खी बाजारपेठ उचलून नेली! त्या वेळी महाराष्ट्रात निर्णय घेणारे सरकार निवडून आलेले होते आणि बाजाराच्या राजकारणाशी त्याची चांगली ओळख होती, एवढाच काय तो फरक.

तीस आणि एकतीस यांच्यामधली रेघ

चंडीगडच्या आराखड्यात एक रेघ आहे, जी नकाशावर ठळक दिसत नाही. पहिल्या टप्प्यात सेक्टर 1 ते 30. सुमारे नऊ हजार एकरांवर दीड लाख माणसे. दुसऱ्या टप्प्यात सेक्टर 31 ते 47. सुमारे सहा हजार एकरांवर साडेतीन लाख. सेक्टर 39 या रेघेच्या दुसऱ्या बाजूला येतो. म्हणजे मूळ आराखड्यातच उत्तरेकडच्या साहेबाला ऐसपैस जागा आणि दक्षिणेकडच्या कारकुनाला दाटी अशी वाटणी होती. पाच लाखांच्या अंदाजाने आखलेल्या या शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेदहा लाखांवर गेली आणि वाढीचा भार प्रामुख्याने याच बाजूने उचलला. शहराचा कचराही पश्चिमेलाच जातो. डड्डूमाजऱ्याचा कचऱ्याचा डोंगर सेक्टर 38 पश्चिमेच्या लगत वाढत गेला, आणि तो हटवण्याच्या मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्या.

या रेघेला 10 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का मिळाला. पहिल्या टप्प्यातील कोठ्यांचे मजल्यांनुसार तुकडे पाडून सदनिका विकण्याची पद्धत फोफावली होती. रहिवाशांच्या संघटनेच्या अपिलावर न्या. भूषण गवई आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने सेक्टर 1 ते 30 मध्ये ती रोखली. शहराचा वारसा हे कारण होतेच. पण निकालपत्र न्या. गवई यांनी लिहिले, आणि त्यात एक व्यापक बाब आली. नागरी विकासाला परवानगी देण्यापूर्वी त्याचा पर्यावरणावरील परिणाम तपासण्याची व्यवस्था केंद्र व राज्यांनी करावी, असे आवाहन त्यात आहे. अमरावतीहून मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे 2025 मध्ये सरन्यायाधीशपदापर्यंत पोहोचलेल्या या न्यायाधीशाला, मुंबईत आराखड्यांचे काय होते याची कल्पना नसेल असे मानण्याचे कारण नाही. त्या आवाहनाचे पुढे फारसे काही झालेले नाही.

रेघेच्या आत संरक्षण आणि बाहेर मोकळीक, हा चंडीगडचा जुना स्वभाव आहे. 1952 च्या परीघ नियंत्रण कायद्याने शहराभोवती पाच मैलांचा आणि पुढे दहा मैलांचा पट्टा शेतीसाठी राखला. ज्या दिवशी पंजाब आणि हरियाणा वेगळे झाले त्या दिवसापासून हा पट्टा तीन सरकारांच्या हाती गेला. पंजाबने मोहाली वसवली, हरियाणाने पंचकुला. चंडीगडचे सेक्टरांचे आकडे हद्द ओलांडून मोहालीत चालू राहतात, नियम मात्र हद्दीवर थांबतात. सुखना तलावाच्या पाणलोटालगत कन्सल येथे टाटा कॅमेलॉट हा टोलेजंग गृहप्रकल्प येऊ घातला, तेव्हा त्या जमिनीशी निगडित गृहनिर्माण संस्था पंजाबच्या आमदारांची निघाली. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकल्प रद्द ठरवला. परिघाचा कायदा ज्या सभागृहात झाला, त्याच सभागृहाच्या सदस्यांना परिघात घरे हवी होती!

तरीही शहराच्या गाभ्यात आराखडा टिकला, हे नाकारता येत नाही. का टिकला? याचे उत्तर लोकशाहीवाद्यांना रुचणारे नाही. चंडीगडला विधानसभा नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून पंजाबचे राज्यपालच प्रशासक आहेत. महापालिका आहे, पण महापौर एका वर्षाचा, आणि त्या निवडणुकीची काय गत होते हे देशाने 2024 मध्ये पाहिले. मतपत्रिकांवरील खाडाखोड थेट सर्वोच्च न्यायालयात पाहिली गेली आणि निकाल फिरला. भूखंडाचा वापर बदलून देण्याची क्षमता असलेला स्थानिक पुढारी येथे तयारच होऊ शकला नाही. आराखडा सुरक्षित राहिला तो लोकांपासून दूर राहिल्यामुळे, आणि त्याची किंमत लाल डोऱ्याच्या आतल्या बुडैल, अटावा यांसारख्या गावांनी मोजली. जमीन शहरात गेली, गाव गल्लीबोळांत कोंबले गेले, स्वस्त भाड्याच्या खोल्यांचा सगळा व्यवहार तेथेच वाढला. नवी मुंबईतील गावठाणांत ‘गरजेपोटी बांधलेल्या घरांचा’ जो तिढा प्रत्येक निवडणुकीत उगवतो, तो हाच.

भरतीची पातळी

चंडीगडला समुद्र नाही. त्याचे दुर्लक्ष तहानेतून उघडे पडते. किनाऱ्यावरच्या शहराचे दुर्लक्ष दिवसातून दोनदा येणारी भरती उघडे पाडते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदी ही नदी आहे हे मुंबईला आठवले. माधवराव चितळे समितीने त्या प्रलयाची मीमांसा केली. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही.

नवी मुंबईच्या आखणीकारांनी हा धोका आधीच ओळखला होता. खाडीकाठची सखल जमीन भरून उंच करायची तर डोंगरच्या डोंगर लागले असते. त्याऐवजी त्यांनी हॉलंडचा मार्ग घेतला. नोडांच्या खाडीकडच्या बाजूला बांध, आणि बांधामागे धारण तलाव. भरती आली की झडपा मिटतात, शहरात पडलेला पाऊस तलावात थांबतो. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी आपसूक खाडीत जाते. पंप नाही, विजेचे बिल नाही. अभियांत्रिकीतली इतकी साधी आणि सुंदर योजना महाराष्ट्रात क्वचितच झाली असेल. मात्र तिची एक अट होती. तलावांतला गाळ नियमित काढला पाहिजे. तो निघाला नाही. गाळावर कांदळवन उगवले, आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर कठोर निर्बंध घातल्यानंतर तलाव साफ करायलाही न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरली. कांदळवने राखलीच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. लाटांचा मार अडवणारी दुसरी भिंत या किनाऱ्याला नाही. पण ज्या संस्थेने तलाव खोदले तिनेच वर्षानुवर्षे त्यांकडे पाठ फिरवली नसती तर हा पेच उद्भवलाच नसता.

ही पाठ का फिरली? सिडको ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी आहे. नगररचना प्राधिकरण ती, जमिनीची मालक ती आणि भूखंड विकणारीही तीच. ‘जमीन हेच भांडवल’ हे तिचे मूळ सूत्र. सरकारी तिजोरीवर भार न टाकता जमीन विकून शहर उभारायचे, असा त्याचा अर्थ होता, आणि सुरुवातीच्या दशकांत या सूत्राने रस्ते, रेल्वेस्थानके आणि गटारे दिली. 1970 च्या दशकातील भारतात ही लहान कामगिरी नव्हे. परंतु शहर भरत आले की विकायला उरते ते राखून ठेवलेलेच. मैदान, तलावाचा काठ, पाणथळ. धारण तलावाच्या ताळेबंदात उत्पन्नाचा रकाना नसतो. त्याच्या काठावरच्या भूखंडाला असतो.

दोन प्रकरणे नमुन्यादाखल पुरेशी आहेत. नेरुळ-सीवूड्सच्या टी. एस. चाणक्यलगतच्या पाणथळ जागेवर, जेथे दरवर्षी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, गोल्फचे मैदान आणि निवासी बांधकाम आणण्यासाठी जमीन-वापर बदलण्यात आला. नागरिक न्यायालयात गेले, 2018 मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसरे घणसोलीचे. शासकीय क्रीडासंकुलासाठी 2003 मध्ये राखलेल्या वीस एकर जागेचा काही भाग खासगी विकासकाला देण्यात आला आणि क्रीडासंकुल रायगडातील माणगाव तालुक्यात हलवण्याचा निर्णय सरकारने 2021 मध्ये घेतला. नवी मुंबईच्या मुलांनी खेळायला शंभराहून अधिक किलोमीटर जावे, अशी ही व्यवस्था! वास्तुविशारदांच्या संघटनेने आव्हान दिले, उच्च न्यायालयाने निर्णय रद्द केला आणि 2024 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दोन्ही ठिकाणी आराखडा वाचवायला नागरिकांना न्यायालयात जावे लागले, आणि दोन्ही ठिकाणी समोर उभा होता तो आराखड्याचा अधिकृत राखणदार.

अशा वेळी निवडून आलेल्या महापालिकेने आवाज उठवावा, हे अपेक्षित होते. नवी मुंबई महापालिका 1992 पासून अस्तित्वात आहे. तिने आपल्या हद्दीच्या विकास आराखड्यात शाळा, दवाखाने, मंडया यांसाठी आरक्षणे सुचवली. त्यांतील काही भूखंड सिडकोने विक्रीला काढले, कारण मालकी तिची. मे 2020 पासून साडेपाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, आणि प्रारूप आराखडा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला तो प्रशासकाच्या कारकिर्दीत. चंडीगडमध्ये लोकप्रतिनिधी नसल्याने आराखडा टिकला असे म्हणावे, तर नवी मुंबईत त्याच अनुपस्थितीत भूखंड गेले. निवडणुकांचा अभाव हा काही नियोजनाचा मित्र नव्हे. मुख्य प्रश्न निर्णय घेणाऱ्याच्या हितसंबंधांचा आहे. चंडीगड प्रशासनाचा संसार केंद्राच्या अनुदानावरही चालतो. सिडकोचा प्रामुख्याने भूखंडांच्या निविदांवर.

संसदेने या दुखण्यावर औषध सुचवले नव्हते असे नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 243-झेडई नुसार महानगर नियोजन समित्या अनिवार्य केल्या, ज्यांत दोन-तृतीयांश सदस्य महापालिका आणि पंचायतींतून निवडलेले असावेत. महाराष्ट्राने 1999 मध्ये तसा कायदाही केला. परंतु मुंबई महानगर प्रदेशाचे खरे निर्णय मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील एमएमआरडीएत आणि सिडकोच्या संचालक मंडळात होत राहिले. समिती कागदावर राहिली, आणि कोणत्याही पक्षाच्या सरकारला त्याचे वैषम्य वाटले नाही.

एकशे चोवीस गावे

खाडीपलीकडच्या गावांना हे सारे नवे नाही. 1970 मध्ये 95 गावांची जमीन अधिसूचित झाली तेव्हा आगरी-कोळी-कराडी समाजाच्या भातखाचरांना, मिठागरांना आणि मासेमारीच्या जागांना सरकारी दरपत्रकात किती किंमत होती, हे सर्वश्रुत आहे. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांनी त्याविरुद्ध विधानसभेत, लोकसभेत आणि रस्त्यावर लढा दिला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड हे तत्त्व त्या रक्ताचे फलित आहे, आणि विमानतळग्रस्तांना मिळालेल्या साडेबावीस टक्क्यांची बैठकही तेथेच. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून जून 2021 मध्ये सिडको भवनावर जो जनसागर लोटला, तो केवळ नावासाठी लोटला असे समजणाऱ्यांना या भागाचे राजकारण उमगलेले नाही.

मात्र साडेबारा टक्क्यांनी शेतकऱ्याला मोबदला दिला, खाडीवर जगणाऱ्याला काय? कोळ्याच्या नावावर सातबारा नसतो. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला, तेव्हा भरावामुळे बुडालेल्या उपजीविकेची किंमत प्रथमच आकड्यांत मांडली गेली. किनारा नियमन क्षेत्राची 2019 ची अधिसूचना मात्र उलट दिशेची आहे. भरतीच्या पाण्याच्या खाड्यांलगतची शंभर मीटरची मर्यादा तिने पन्नास मीटरवर, किंवा खाडीच्या रुंदीइतकी, जी कमी असेल तितकी, आणली. दुसरीकडे ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. एकाच खाडीच्या एका काठावर आंतरराष्ट्रीय मान्यता, दुसऱ्या काठावर भराव.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. क्षेत्र सुमारे 323 चौरस किलोमीटर, म्हणजे दुसरी नवी मुंबईच. यातील बहुतांश गावे 2013 पासून सिडकोच्या ‘नैना’ क्षेत्रात होती. तेथे अकरा-बारा वर्षे आराखड्यांची चर्चा ऐकून कंटाळलेल्या ग्रामस्थांनी आता दुसऱ्या प्राधिकरणाची पाटी वाचायची आहे. हरकतींचा पाऊस पडला, गावोगाव सभा झाल्या. नीती आयोगाने 2024 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था 2030 पर्यंत 300 अब्ज डॉलरवर नेण्याचा जो आराखडा मांडला, त्यात अटल सेतूपलीकडच्या या पट्ट्यावर मोठी भिस्त आहे. लक्ष्य डॉलरमध्ये ठरले आहे. पाण्याचा हिशोब लिटरमध्ये कोणी मांडायचा, हे तितके स्पष्ट नाही.

नवी मुंबई महापालिका त्याबाबत सुदैवी ठरली. 2002 मध्ये तिने खालापूर तालुक्यातील मोरबे धरणच विकत घेतले आणि स्वतःचे धरण असलेली महापालिका झाली. तिच्या हद्दीबाहेरचे, सिडकोने वसवलेले दक्षिणेकडचे नोड हेटवणे आणि पाताळगंगेच्या पाण्यावर अवलंबून राहिले, आणि खारघर-उलव्यातील गृहसंकुलांना टँकर ओळखीचा झाला. शहापूर तालुक्यातील भातसा-तानसाकाठच्या गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी आणि पाणी मुंबईला जावे, हे चित्र ठाणे जिल्हा कित्येक दशके पाहतो आहे. पुढच्या नगराच्या तहानेसाठी ज्या धरणाकडे बोट दाखवले जाते ते पेण तालुक्यातील बाळगंगा. सिडकोच्या पैशाने 2010 च्या सुमारास सुरू झालेले हे काम सिंचन गैरव्यवहाराच्या चौकशीत अडकले. भिंत बरीचशी उभी राहिली, धरण पूर्ण झाले नाही. बुडीत क्षेत्रातील गावांचे पुनर्वसनही रखडले. नव्या घराची शाश्वती नाही म्हणून जुने सोडता येत नाही आणि बुडणार म्हणून जुने दुरुस्त करता येत नाही, अशा अवस्थेत तेथील कुटुंबांनी दहा वर्षांहून अधिक काळ काढला. नवनगराच्या हरकतींवर सुनावणी झाली, तिच्या विषयपत्रिकेत या गावांना जागा नव्हती. ती 124 गावांच्या यादीत येत नाहीत.